विभूतीचे तीन पट्टे

नळदुर्गला महामार्गाच्या कडेला तंबाखूचे एक दुकान आहे. तिथली सकाळ रोज सारखीच उगवते. विरेश शटर वर सारतो. त्याची आज्जी गिरिजाबाई उंबऱ्याबाहेर पाणी शिंपडतात, ओल्या फडक्याने गल्ला पुसतात, वाटीत विभूती भिजवतात आणि जुन्या तराजूच्या दांडीवर तीन बोटे ओढतात. मग भिंतीवरच्या तसबिरीतल्या आपल्या यजमानांना, शरणप्पांना, हात जोडतात. तेवढ्यात हैदराबादकडे निघालेला एखादा मालट्रक जातो, फळी थरथरते आणि फळीवरच्या पत्र्याच्या डबीत मीही थरथरते.

मित्रांनो, मी त्या डबीतले एक जुने कार्ड आहे. विड्याच्या पानाहूनही लहान. माझ्यावर टोपी घातलेला, गोल लाकडी दांडा पेललेला एक बेसबॉलपटू उभा आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका छापखान्यात, शिळेवरून एकेक रंग चढवत मला छापले आणि सिगारेटच्या पाकिटात घातले. माझ्यामुळे पाकीट ताठ राही, सिगारेटी मोडत नसत. शिवाय अशी सगळी कार्डे जमवण्याच्या नादाने लोक पुन्हा तेच पाकीट घेत. माझ्या पाठीवर त्या सिगारेटची जाहिरात अजून आहे. तिचा मला अभिमान नाही.

माझी बहुतेक भावंडे खिशात दुमडली गेली, भिंतींना चिकटली, केरात गेली. मला मात्र सोलापूरच्या गिरणीत यंत्रे बसवायला आलेल्या एका परदेशी कारागिराने शरणप्पांच्या आजोबांना देऊन टाकले. त्यांनी मला मेणकागदात गुंडाळून डबीत ठेवले. पुढे शरणप्पांनी ती डबी कधी उन्हात ठेवली नाही, की कुणाच्या हाती दिली नाही.

गिऱ्हाइके त्यांची चेष्टा करत. "अण्णा, तुमचा मुसळवाला पैलवान दावा की!"

"बघ, पन हात पाठीमागं बांधून," शरणप्पा म्हणत.

गावात त्यांना 'मुसळअण्णा' हेच नाव पडले. ते हसून सोडून देत; लहानग्या विरेशला मात्र ते लागे.

शरणप्पा गेल्यावर विरेशने सोलापूरचे संग्राहक राजशेखर यांना बोलावून घेतले. त्यांनी मला कडांनी उचलले आणि बराच वेळ भिंगाखाली धरले.

"चारही कोपरे टोकदार. पांढरी किनार चहूबाजूंनी सारखी. घडी नाही, डाग नाही. एवढं जुनं कार्ड असं राहत नसतं, विरेश. कुणी जपलं हे?"

"आज्यानं."

परदेशातले तज्ज्ञ अशा कार्डांना एक ते दहा असा दर्जा देतात आणि कडक पारदर्शक पेटीत कायमचे बंद करतात, हे राजशेखर यांनीच सांगितले. विरेशला मला विकायचे नव्हते. आजोबांना हसणाऱ्या गावाला तो दर्जा दाखवायचा होता. मला मात्र 'कायमचे बंद' या शब्दांनी चैन पडेना. ट्रकची थरथरही आत पोहोचणार नाही, अशी ती पेटी कशी असेल?

खंडेनवमी आली. त्या दिवशी दुकानातल्या अवजारांची पूजा असते. मला परदेशी पाठवण्यासाठी विरेशने डबीतून काढून तराजूशेजारी ठेवले आणि तो खोका आणायला गेला. गिरिजाबाईंनी तराजूला विभूती लावली, वजनांना लावली, अडकित्त्याला लावली. आणि तीच तीन ओली बोटे माझ्यावरून ओढली.

"आज्जी! काय केलं ओ तुमी हे!"

"का रं? दुकानात समद्यात जुनं त्येच हाय. त्याला सोडू व्हय?"

पाणी माझ्यात मुरत गेले. पट्टे वाळले तेव्हा खेळाडूच्या चेहऱ्यावरचा रंग फुगला होता.

राजशेखर पुन्हा आले. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. "यानं डाग बराचसा जाईल. पण तपासणीत सापडलं तर 'फेरफार केलेलं' म्हणून परत येईल. नाही सापडलं, तर मिळालेला दर्जा खोटा असेल. ठरव तू."

विरेश कापूस भिजवी, माझ्याजवळ आणी आणि मागे घेई.

दुसऱ्या सकाळी गिरिजाबाईंनी पाणी शिंपडले, गल्ला पुसला आणि उजवा हात पदराखाली घेऊन त्या बसल्या.

"आज्जी, तराजू राह्यला."

"नगं बाबा. त्येनी जलमभर जपलं, म्या एका हातानं नासवलं. आता ह्यो हात कशाला लावायचा न्हाय."

मित्रांनो, जुनी वस्तू कोरड्या हातांनी, कडांनी धरा. उन्हापाण्यापासून दूर ठेवा. ही विनंती मी करतेच. पण पदराखाली लपवलेला तो हात पाहिला आणि मला माझ्या डागाची काळजी वाटेनाशी झाली. वस्तू जपायची, तर तिच्याबरोबर तो हातही जपायचा असतो.

विरेशने बाटलीचे बूच घट्ट लावले आणि ती राजशेखर यांना परत द्यायच्या पिशवीत टाकली. खोक्यावरचा पत्ता सोलून काढला आणि त्यात तंबाखूच्या पुड्या रचल्या. मला, विभूतीसकट, काचेच्या चौकटीत घालून शरणप्पांच्या तसबिरीखाली, सावलीच्या बाजूला टांगले. मग वाटीत विभूती भिजवून ती आज्जीच्या हाताशी सरकवली आणि पाठमोरा होऊन तो वजने पुसू लागला.

बऱ्याच वेळाने तराजूची दांडी किंचित हलली. तिच्यावर तीन ओले पट्टे होते.