हात सोडून शंभर मीटर

सीनुआनची पिकअप डावीकडे ओढते, हे डोंगरावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक झालं होतं. सात लाख ऐंशी हजार किलोमीटरवर तिचा मीटर बंद पडला, त्यालाही आता चार वर्षं उलटली होती. मागे समोरासमोर दोन बाकं, वर पत्रा आणि कपाळावर पांढऱ्या रंगात नऊ नंबर. खालच्या बाजारापासून वरच्या पांगखाम गावापर्यंत अडतीस किलोमीटरचा चढ सीनुआन रोज दोनदा चढायची, दोनदा उतरायची. बाजारातल्या रांगेत अशा बावीस पिकअप होत्या आणि त्यांतली चालवणारी बाई एकच.

सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाआधी दरवर्षी या गाड्यांची परीक्षा व्हायची. भातखाचरांमधल्या सरळ रस्त्यावर दोन विजेच्या खांबांमध्ये शंभर मीटर मोजलेले होते. चाळीसच्या वेगानं यायचं, पहिल्या खांबाशी स्टिअरिंग सोडायचं आणि दुसरा खांब येईपर्यंत गाडी कडेच्या रेघेबाहेर जाता कामा नये. यंदा सीनुआनची गाडी निम्म्या वाटेतच खाचराकडे निघाली होती. मुकाट्यानं, जनावर गोठ्याकडे वळावं तशी.

"मावशी, एकसष्ट वर्षं म्हणजे काही कमी नाहीत," रांगेचा अध्यक्ष वीरात तेव्हा म्हणाला होता. "गाडी थकली, तुम्हीही थकलात. आता नातवंडांत रमा."

"नातवंडं चियांगमायला असतात. त्यांच्याकडे जायलाही गाडीच लागते," ती म्हणाली.

मागे उभे असलेले चालक हसले. एकजण पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं." ते तिला ऐकू जावं म्हणूनच होतं. वीरातनं दहा दिवसांची मुदत दिली. पण त्याच्या टपरीशेजारी एक कोरी व्हॅन उभी होती आणि तिच्या काचेवर नऊचा आकडा आधीच चिकटवलेला होता. तो आकडा पाहून सीनुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी ही गाडी चालवणारा तिचा नवरा गेला तेव्हा याच लोकांनी नऊ नंबर परत मागितला होता. त्या वेळी ती दोन महिने रोज पहाटे रांगेत गाडी लावून बसायची, शेवटी तेच कंटाळले. आताही ती सुखासुखी सोडणार नव्हती.

खरी अडचण अशी होती की गाडीचं दुखणं सापडत नव्हतं. वर्षभरात डाव्या बाजूचे तीन बॉल जॉइंट गेले होते. टाय रॉडची दोन्ही टोकं, झाडून सगळे बुश, सगळं नवं घातलेलं. शहरातल्या मशीनवर तीनदा अलाइनमेंट करून आणली. दर वेळी कागदावर सगळे आकडे हिरवे यायचे आणि चार दिवसांत गाडी पुन्हा दरीकडे, कारण चढताना दरी डावीकडे होती. तिचा मिस्त्री मूनदादा, जुना माणूस, लोंगानच्या झाडाखाली गॅरेज चालवायचा, त्यानंही हात टेकले होते.

"टायर बघ," तो म्हणाला. "डावा बाहेरून खाल्लाय, उजवा आतून. म्हणजे दोन्ही चाकं डावीकडे झुकून पळतात. आणि इथं उभी केली की ताठ. तुझी गाडी माझ्यासमोर सोंग करते बघ."

"बाकीच्यांच्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात ना? त्यांना काही होत नाही."

"म्हणून तर ते म्हणतात, गाडी नाही, चालवणारी वाकडी आहे."

"तुम्हीही म्हणा एकदा. राहून जायला नको."

मूननं पाना पुसायला घेतला. त्यालाही ते अधूनमधून वाटायचं, आणि हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांगखामच्या विहाराशी तिनं नेहमीसारखी गाडी थांबवली. इथले मोठे भन्ते खालच्या शाळेत शिकवायला रोज तिच्याच गाडीनं जायचे, गेली अकरा वर्षं. भन्ते मागून चढले आणि नेहमीचाच आवाज उठला. "सरका गं. ए, टोपली घे तिकडं." भिक्खूंना बाईमाणसाचा स्पर्श चालायचा नाही, म्हणून उजव्या बाकावरच्या बायका उठून डाव्या बाकावर गेल्या. कोबीच्या टोपल्या, मिरच्यांची पोती, तांदूळ, सगळं त्यांच्या पायाशी गेलं. सीनुआनला बसल्या जागी गाडी डावीकडे दबल्याचं जाणवलं.

तिनं आरशात पाहिलं. उजव्या बाकावर भन्ते एकटे, कसे मोकळेढाकळे. डाव्या बाकावर दहा बाया, आंब्याच्या पेटीत भरल्यासारख्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाकीच्या एकवीस गाड्यांत भिक्खू पुढे बसत, चालकाशेजारी. तो मानाचा बाक. इथं चालक बाई, म्हणून पुढची जागा त्यांना चालायची नाही, आणि त्यांच्या मानाची म्हणून तिथं दुसरंही कुणी बसायचं नाही. अकरा वर्षं रोज तिची गाडी डाव्या कुशीवर झोपून चालली होती, आणि अलाइनमेंटला मात्र ती रिकामी करून न्यायची. सीनुआन स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. मग तिला रागही आला, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळेना.

मूननं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मग सोपं आहे. परीक्षेच्या सकाळी मशीनवर लावून आण. रिकामी सरळ जाईल, पास होशील."

"आणि चार दिवसांनी?"

"चार दिवसांनी कोण बघतंय?"

"दहा बाया बघतील, दरीत जाता जाता," सीनुआन म्हणाली. "रिकामी गाडी मी चालवते कधी? भरलेली असते तशीच चाकं सरळ लावा."

त्या दुपारी परतीची अख्खी गाडीच तिनं लोंगानच्या झाडाखाली आणून उभी केली. मूननं आधी सगळ्यांना उतरवलं. डावीकडच्या दबून बसलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा घातला, पुढचं चाक तोलणाऱ्या सळईचा पीळ वाढवला, नवा बॉल जॉइंट ठोकला. मग म्हणाला, "आता चढा, रोज बसता तशाच." त्यानं गाडीच्या दोन्ही बाजूंनी सूत ताणलं आणि चाकाच्या कडेपासून सुतापर्यंतचं अंतर मोजायला लागला. मंत्र म्हणताना ताणतात तसं पांढरं सूत पाहताच दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"पूजा आहे का हो?" कोबीवाल्या खामपुईनं विचारलं.

"इथं माझ्या मंत्रांपेक्षा त्यांचा पाना जास्त उपयोगाचा," भन्ते म्हणाले. "हलू नका म्हणजे झालं."

बायका दीड तास हलल्या नाहीत, तोंडं तेवढी चालू होती. चिकट भात, भाजल्या मिरचीची चटणी आणि वीरातच्या सात पिढ्या, सगळं चघळून झालं. मून चाक फिरवायचा, रॉड पाव आटा सोडायचा, पुन्हा मोजायचा. शेवटी तो गाडीखालून बाहेर आला आणि सीनुआनकडे न बघता म्हणाला, "चालवणारी सरळच होती."

परीक्षेच्या दिवशी नऊ नंबर भरलेलाच आला. भन्ते उजवीकडे, बाया डावीकडे, टोपल्या पायाशी.

"खाली उतरवा सगळ्यांना," वीरात म्हणाला. "नियमात गाडी रिकामी लागते."

"रिकामी पास व्हायची असती तर सकाळी मशीनवर जाऊन आले असते," सीनुआन म्हणाली. "सगळे तेच करतात, तुम्हालाही माहीत आहे. लाइनवर गाडी भरलेली चालते, तर भरलेलीच बघा."

"नियम म्हणजे नियम, मावशी."

"मग उतरवा तुम्हीच. मी कुणाला उतर म्हणणार नाही."

वीरात मागे गेला. खामपुईनं टोपली मांडीवर घट्ट धरली आणि त्याला वरून खाली न्याहाळलं. "आम्हाला घरी जायचंय. भाडं दिलंय." तो भन्तेंकडे वळला, आणि वळताच त्याचे हात आपोआप जोडले गेले. भन्ते डोळे मिटून बसले होते. भिक्खूला गाडीतून खाली उतर म्हणणारा माणूस त्या खोऱ्यात अजून जन्माला आला नव्हता, आणि वीरातला पहिला व्हायचं नव्हतं. बाकीचे चालक आता हसत नव्हते. कुणी कुणी मात्र मुद्दाम दुसरीकडे पाहत होते.

"ठीक आहे. मी शेजारी बसतो," वीरात म्हणाला. "हात माझ्यासमोर सुटले पाहिजेत."

"बसा. तसाही तो बाक अकरा वर्षं रिकामाच आहे."

सीनुआननं चाळीसचा वेग धरला. पहिल्या खांबाशी क्षेत्रपालाचं छोटं देऊळ होतं. तिथून जाताना पुरुष चालक एक हात कपाळाला लावत. सीनुआननं दोन्ही हात सोडले, छातीशी जोडले आणि मान लववली. हात तिनं हलू दिले नाहीत. गाडी सरळ चालली होती. भाताचं खाचर शेजारून निमूट मागे सरकत होतं आणि रेघ जिथल्या तिथं होती.

दुसरा खांब गेला. सीनुआनचे हात जोडलेलेच होते.

"झालं. धरा आता," वीरात म्हणाला. त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक त्याचा पाय दाबत होता.

"नंबर कुणाचा?"

"मावशी, समोर ट्रॅक्टर येतोय."

"लांब आहे अजून. नंबर कुणाचा, अध्यक्ष?"

तिसरा खांब आला आणि गेला.

"तुमचा. तुमचाच आहे, बाई."

तिनं स्टिअरिंग धरलं आणि गिअर बदलला. ट्रॅक्टर बाजूनं निघून गेला. परत वळायची जागा आली, तिथं तिनं वेग कमी केला नाही.

"मला बाजारात सोडायचं ना?" वीरात म्हणाला.

"लाइनची गाडी आहे, भरलेली. मधून परत फिरत नाही. तुमच्याच नियमात आहे ते." घाटाचं पहिलं वळण समोर आलं होतं, दरी डाव्या हाताला. "वर पोचलो की उतरा. सहाला खाली येते, तेव्हा आणीन. पुढेच बसा."