बाउक्येचा पडदा

कालव्याकाठच्या त्या गल्लीत प्रत्येक खिडकीला पडदे होते, पण ते दिवसा ओढायचे नसतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठाल्या काचा, आत घासूनपुसून मांडलेलं घर, आणि रस्त्याने जाणारा माणूस आत न बघितल्याचा आव आणून सगळं बघून घ्यायचा. पडदा ओढलेला दिसला, म्हणजे घरात मयत तरी झालेली, नाहीतर पसारा तरी.

दूके पूर्वी त्या कालव्याच्या पुलावर राखणदार होता. बोट आली की पूल उचलायचा, आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट नावाड्यापुढे सोडून त्यात टोल घ्यायचा. टोलापेक्षा त्याला चौकश्यांत रस. "काय भरलंय? कुठं निघालात? तुमचं कुत्रं असं तिरकं का बघतंय?" पुढे पूल विजेवर उघडायला लागला आणि दूके घरी बसला. अगदी शब्दशः बसला. भिंतीकडे तोंड करून, खुर्चीत.

"अरे, बदकाला पिल्लं झालीत, बघ तरी," त्याची बायको सीत्स्के म्हणायची.

"बदकाला बदकंच होणार."

हा असाच बसल्या बसल्या विझून जाणार, असं तिला वाटायचं. शेवटी ती समोरच्या बाउक्येकडे गेली.

"आठवडाभर पडदा ओढून घे."

"भरदिवसा? लोक म्हणतील, बाउक्ये मेली!"

"मेलीस तर लोकांना मयताचं बोलावणं येतं, कॉफी मिळते. ती मिळाली नाही की कळेल त्यांना."

"मग म्हणतील, बाई धूळ पुसत नाही!"

हे मरणाहून वाईट होतं. पण सफरचंदाच्या अख्ख्या केकवर बाउक्ये तयार झाली.

दुसऱ्या दिवशी दूके कॉफीचा कप घेताना जरासा वळला आणि तसाच राहिला.

"बाउक्येचा पडदा लागलाय."

"लागू दे की."

"दिवसा?" त्याने खुर्ची फिरवली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत वर्दळ वाढली. कुत्रं नसलेला पाववाला हातात नुसता पट्टा घेऊन दोनदा फिरून गेला. पाद्रीबाबांची सायकल नेमकी त्याच दारापुढे पंक्चर व्हायला लागली. कुणी म्हणे आत बकरी पाळलीय, कुणी म्हणे नवरा. त्यातच कुठून तरी करवतीचा आवाज यायला लागला. खर्र... खर्र... मग थांबायचा.

"बोट बांधतेय ती," दूके म्हणाला. "बैठकीत!"

"मग बाहेर काढणार कशी?"

"तेच तर बघायचंय!"

त्याने माळ्यावरून जुनी काठी काढली, कुंपणावरून बूट सोडला आणि बाउक्येच्या काचेवर टकटक केली. पडद्याआडून एक हात आला, बुटात काहीतरी टाकून गेला. बिस्किट निघालं. दूकेने ते उलटंपालटं केलं, हुंगलं.

"यात भुसा आहे."

"दालचिनी आहे ती," सीत्स्के म्हणाली. पण तिलाही झोप लागेना. करवत कशाला? हे काही ठरलं नव्हतं! मागच्या दाराने जाऊन "आत काय चाललंय?" असं विचारलं, तर बाउक्ये म्हणाली, "ओढ म्हणालीस, ओढला. आतलं माझं मी बघते," आणि दार लावून घेतलं.

आठवडा संपला. पडदा उघडणार म्हणून सगळी गल्ली सहजच बाहेर उभी होती. पडदा सरकला. आत तेच टेबल, तीच कुंडी, तीच बाउक्ये आणि तिच्या हातात केकचा शेवटचा तुकडा.

"काहीच नाही?" पाववाला ओरडला.

सीत्स्केने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा परत खुर्चीत बसणार.

दूके काचेला नाक लावून उभा होता. "मग करवत कुठाय?"

बाउक्येने खिडकी उघडली. "करवत? मला वाटलं, तुमच्या घरातून आवाज येतोय!"

"आमच्या? आम्हाला वाटलं तुझ्या..."

खर्र... खर्र... पुलाच्या बाजूने आलं.

दूकेने बुटाची काठी खांद्यावर टाकली. "चला! सीत्स्के, कोट घे. बाउक्ये, पडदा राहू दे, तू पण ये."

पाद्रीबाबा सायकल तिथेच टाकून मागे निघाले. घरी मांजराने खुर्ची बळकावली, आणि त्याला तिथून उठवायला बराच वेळ कुणी आलं नाही.