मानपत्रातला बाप

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून आरोही उंच झाली होती. मापात नव्हे, चालण्यात! बोरदऱ्याच्या शाळेच्या पायऱ्यासुद्धा ती अशी चढायची, जणू वर कुणीतरी माईक धरून तिचीच वाट बघतंय. त्यामुळे अभिमन्यू सरांनी दहावीच्या वर्गात "भिवराबाईंचं मानपत्र कोण..." एवढंच म्हटलं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत आरोहीचा हात छताकडे गेलेला होता.

"लिहिणार पण तूच आणि वाचणार पण तूच," सर म्हणाले. "पण नीट. हे भाषण नाही, मानपत्र आहे."

आता भिवराबाई म्हणजे बोरदऱ्याच्या पहिल्या बाई सरपंच. गावातली शाळा सातवीवर थांबायची, ती दहावीपर्यंत झाली ती त्यांनी बीडच्या ऑफिसांचे उंबरे झिजवले म्हणून. नाहीतर आरोही आत्ता वर्गात नसतीच. धारूरच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेली असती, किंवा तेही नाही, घरीच असती. भिवराबाईंना पंच्याहत्तरावं लागलं म्हणून शाळेनं सत्कार ठरवला होता. शाल, श्रीफळ, फेटा आणि मानपत्र. शाल कपाटात जाते, नारळ फुटतो, फेटा तर त्याच दिवशी सुटतो. मानपत्राचं तसं नसतं. त्याला सोनेरी चौकट असते, काच असते. ते सगळ्यांसमोर वाचतात, मग घरच्या भिंतीवर लावतात, आणि माणूस गेल्यावरही ते तिथंच असतं. म्हणजे शेवटी कुणी विचारलं, ही बाई कोण होती, तर उत्तर द्यायला तेवढंच उरतं.

सरांनी व्हॉट्सॲपवर एक नमुना पाठवला. "अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत आपला जन्म झाला. काट्याकुट्यांची वाट तुडवत..." असं चालू होतं ते. साखर कारखान्याच्या संचालकाला, निवृत्त मुख्याध्यापकांना आणि नारायणगडाच्या यात्रेत अन्नदान करणाऱ्या एका पुढाऱ्याला, तिघांनाही सरांनी हेच दिलं होतं. फक्त नावं बदलली होती.

"सर, भिवराबाईंचा पण जन्म हलाखीत झाला का?" आरोहीनं विचारलं.

"गरिबीतून सुरुवात केली ना, की लोक पहिल्याच वाक्याला मान हलवतात," सर म्हणाले. "मग पुढचं सगळं ऐकतात."

आरोहीला हे तंतोतंत पटलं. तिनं स्पर्धेसाठी जेवढ्या थोरामोठ्यांची भाषणं पाठ केली होती, त्या सगळ्यांचा जन्म गरिबीत झाला होता आणि सगळ्यांनी दिव्याच्या उजेडात अभ्यास केला होता. तिनं एका संध्याकाळी मानपत्र लिहून काढलं. कुडाचं घर घातलं, फाटकं लुगडं घातलं, अर्धपोटी झोपणारी छोटी भिवरा घातली. भिवराबाई चौथीच शिकलेल्या, हे गावाला ठाऊकच होतं. "परिस्थितीने शिक्षण चौथीतच हिरावून घेतले" या वाक्याला तर तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. इतकं भारी आपण कधीच लिहिलं नव्हतं, असं तिला वाटलं.

तिच्या बाकावर बसणारी स्वप्नाली ही भिवराबाईंची सख्खी नात. ती म्हणाली, "एकदा आजीला वाचून दाखव की."

"येडी का तू? सरप्राइज आहे ते."

"तिला सरप्राइज जमत न्हाई. मागं डोळे झाकून केकपुढं उभी केली, तर काकाच्या पाठीत बुक्की घातली तिनं."

म्हणून रविवारी दोघी गेल्या. भिवराबाई अंगणात तुरी वाळत घालत होत्या. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "बस," म्हणाल्या, "आन् वाच. पर तुरीवर पाय देऊ नको."

आरोही बसली नाही. उभी राहिली, घसा साफ केला आणि स्पर्धेचा आवाज काढला. कुडाचं घर आलं तसे भिवराबाईंचे हात थांबले. फाटकं लुगडं आलं. अर्धपोटी झोपणं आलं. आरोहीला वाटलं, भारावल्या.

"थांब गं," भिवराबाई म्हणाल्या. "कोन ही बाई?"

"तुम्हीच, आजी."

"मी?" त्यांनी स्वप्नालीकडे बघितलं. "आगं, माझ्या बापाचं चार बैलांचं औत हुतं. युसूफ वडगावच्या पल्याड आमची वस्ती, काळीभोर जमीन. दारातून कुणी उपाशी गेलं न्हाई. आन् तू मला उपाशी झोपीवतीस? माझ्या बापाला भिकारी करायलीस?"

"तसं नाही आजी, मानपत्रात सगळे असंच..."

"सगळ्यांचे बाप एकसारखे असतेत का? हे माझ्या भिंतीवर लागणार. माझ्या भावाची लेकरं येणार, वाचणार. म्हणतील, आत्यानं आमच्या आज्याला पार मातीत घातला." त्यांनी पुन्हा तुरी पसरायला घेतल्या. "कशापायी यायचं मग मी तुमच्या सत्काराला? त्या उपाशी बाईलाच बोलवा. तिलाच घाला शाल."

स्वप्नालीला हसू फुटलं. आरोहीची मात्र कानशिलं तापली. पहिल्या नंबराच्या मुलीला असं कुणी बोललं नव्हतं. रडून निघून जावं, असं एक क्षण तिला वाटलं. पण दुसऱ्या क्षणी तिला दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ती सरळ तुरीच्या कडेला खाली बसली. "मग सांगा ना. बाप कसा होता तुमचा?"

भिवराबाईंनी थोडा वेळ ताणून धरलं. मग बोलायला लागल्या आणि थांबेनातच. बापाचं नाव बंकट. बैलांच्या बाजारात जाताना तो भिवरेला खांद्यावर बसवायचा. बैलाच्या तोंडात हात घालून दात दाखवायचा आणि विचारायचा, सांग, केवढ्याचा असंल? लोक हसायचे, पोरीला काय कळतंय म्हणायचे. तो म्हणायचा, "इचारा की तिला." ती सांगायची आणि बरोबर निघायचं. पुढं सरपंच झाल्यावर कलेक्टरपुढं उभं राहताना त्यांचे पाय थरथरले नाहीत, कारण भर बाजारात बोलायची सवय त्यांना बापाच्या खांद्यावरच लागली होती.

"हे लिव्ह," त्या म्हणाल्या. "मला माझ्या बापानं घडीवलं."

आरोही घरी आली ती हवेतच. हे तर कुडाच्या घरापेक्षा कितीतरी भारी होतं! बाप, खांदा, बाजार, बैलाचे दात. रात्रीच्या जेवणाआधी नवं मानपत्र जवळजवळ तयार झालं. गरिबी काढून टाकली, तिथं बंकट बसवला. आणि मग ती एका वाक्यापाशी अडकली.

"परिस्थितीने शिक्षण चौथीतच हिरावून घेतले."

कुठली परिस्थिती? चार बैलांचं औत, काळीभोर जमीन. मघाशी हे वाक्य गरिबीच्या आधारानं उभं होतं. गरिबी काढली तसं ते अधांतरी झालं. तिनं ते खोडून बघितलं. पण मग पुढचं सगळंच डळमळलं. जी बाई शाळेसाठी वर्षानुवर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवते, तिला शाळेचं एवढं वेड लागलं कुठून?

आणि त्या रात्री आरोहीला पाठ केलेली सगळी भाषणं आठवली. ते सगळे दिवे, ती सगळी कुडाची घरं. खरी असतील, काहींची तर नक्कीच खरी असतील. पण कुणाची आई रागीट असेल, कुणाच्या भावानं हात दिला असेल, कुणाचं कुणाशी वाजलं असेल. ते सगळं गरिबीच्या एका वाक्यात पुरून टाकलेलं नसेल कशावरून? ती तर टाळ्यांसाठी ठरलेल्या जागी थांबायची, आणि टाळ्याही बरोबर तिथंच पडायच्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच भिवराबाईंकडे गेली.

"आजी, एक विचारू? एवढं सगळं होतं, तर तुम्ही चौथीतच शाळा कशी काय सोडली?"

अंगणात एक कोंबडी तुरीत शिरली, तरी भिवराबाईंनी तिला हाकललं नाही.

"सोडली न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "काढली."

"कुणी?"

"कुनी म्हंजे? घरात चालायचं कुनाचं?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पाचवीची शाळा लांब. भावाला सायकल आनली. मी म्हनलं, मला पन बसीव मागं. तर बाप म्हनला, तू काय करतीस शिकून? तू तर तशीच लई हुशार हायस." त्या हसल्या, पण ते हसणं मध्येच राहिलं. "बघ, कौतुक करूनच काढली त्यानं मला. रडायला पन जागा ठिवली न्हाई."

आरोहीनं दप्तरातून वही काढली.

"हे लिव्हू नको," भिवराबाई म्हणाल्या. "खांद्याचं लिव्ह."

"पण आजी, शाळा तर त्यामुळेच आली ना? आमची शाळा."

"लिव्हू नको म्हनलं ना."

आरोही उठून दारापर्यंत गेली. पण तिचा स्वभाव! वळलीच. "फक्त एक वाक्य वाचून दाखवते. नको म्हणालात तर फाडून टाकीन." आणि परवानगीची वाट न बघता तिथंच उभ्या उभ्या तिनं वाक्य जुळवलं. "ज्या वडिलांनी खांद्यावर बसवून बाजार दाखवला, त्यांनीच चौथीनंतर आपली शाळा बंद केली. आपण त्यांना कधीच दोष दिला नाही. आपण गावात दहावी आणलीत."

"दोष दिला न्हाई, हे तुला कुनी सांगितलं?"

आरोही थबकली. "म्हणजे... चांगलं वाटतं ते."

"कुनाला? तुला?" भिवराबाईंचा आवाज चढला. "दिला की! लई दिला. भावाची सायकल दिसली की जीव जळायचा माझा. लगीन होऊन आले तरी जळायचा. तो मेला तवा सगळ्यांत जास्त मी रडले, आन् रडतानाबी मनात तेच हुतं. तू कोन माझ्या मनातलं लिव्हनार?"

आरोहीनं मान खाली घातली. तेवढंच वाक्य तर तिला सगळ्यात सुंदर वाटलं होतं. मग तिनं हळूच विचारलं, "ते वाक्य काढलं तर?"

कोंबडीनं पोटभर तुरी खाल्ल्या.

"वाच परत," भिवराबाई म्हणाल्या.

तिनं वाचलं. दोष काढून. खांदा, बाजार, बंद झालेली शाळा, गावात आलेली दहावी. मध्ये काहीच नाही.

"'वडील' कशापायी लिव्हलंस? नाव लिव्ह त्याचं. बंकटराव ज्ञानोबा. राव लाव. आन् दोन्हीकडं लिव्ह. खांद्यावर घेतलं तिथं पन आन् शाळा बंद केली तिथं पन. एकाच जागी लिव्हशील तर मानूस अर्धाच व्हतो."

अभिमन्यू सरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "आरोही, मानपत्रात गौरव असतो. तक्रार नसते."

"सर, गरिबी तर खोटीच होती. ती चालत होती?"

सरांनी कागद दोनदा वाचला, एक अनुस्वार दुरुस्त केला. "धारूरला छापायला पाठवतो," म्हणाले. "पण कुणी काही बोललं तर ते तुझं तू बघायचं."

सत्काराला अख्खा गाव लोटला. शाळेच्या मैदानात मांडव, पुढच्या रांगेत भिवराबाईंच्या माहेरची माणसं. भाचा हरिओम कडक इस्त्रीचे कपडे घालून, आत्याच्या आहेराची साडी मांडीवर घेऊन बसलेला. भिवराबाई स्टेजवर, गुलाबी फेट्यात. फेटा त्यांना जरा मोठाच झाला होता, सारखा कपाळावर यायचा.

आरोही माईकपाशी आली. स्पर्धेचा आवाज काढायला गेली आणि तो आलाच नाही. आली ती साधी, घरातल्यासारखी वाचणारी मुलगी. बंकटरावांच्या खांद्याचं वाक्य आलं, तशी माहेरची माणसं फुलली. हरिओमनं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. आणि मग पुढचं वाक्य आलं.

"त्याच बंकटराव ज्ञानोबांनी चौथीनंतर आपली शाळा बंद केली."

हरिओम ताडकन उठला. साडी मांडीवरून खाली पडली. "ओ सर, काय लावलंय हे? आमच्या आज्याची बदनामी करायला बोलीवलं का आमाला?"

आरोहीनं त्या वाक्यावर बोट ठेवून सरांकडे बघितलं. सर स्टेजच्या कडेला उठून उभे राहिले.

भिवराबाईंनी फेटा वर सरकवला. त्यांच्यापुढं माईक नव्हता आणि त्यांना तो लागलाही नाही.

"हरिओम, बस खाली. तुझा आजा व्हायच्या आदुगर तो माझा बाप हुता."

"पर आत्या, चारचौघांत..."

"चारचौघांतच तर मला हुशार म्हनायचा तो. बस."

हरिओम बसला. शेजाऱ्यानं साडी उचलून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवली. भिवराबाईंनी आरोहीकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. ते रागानं की मायेनं, आरोहीला सांगता आलं नसतं, आणि ते आपण ठरवू नये एवढं आता तिला कळत होतं.

"वाच गं पुढं," भिवराबाई म्हणाल्या. "शाळेचं ऱ्हायलंय अजून."

आणि आरोही पुढं वाचायला लागली.