फाटकपाऱ्याची किल्ली

मित्रांनो, ज्या वर्षी नरहर गेटमनच्या इंदूचे लग्न झाले, त्याच वर्षी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. वऱ्हाडी छोट्या लाईनच्या गाडीने आले होते. नरहरने त्या दिवशी मलाही झेंडूची माळ घातली. मी एक जुने रेल्वे फाटक आहे.

लाईन आली तेव्हा इथे रान होते. रूळ सांभाळायला विदर्भातून मराठी कुटुंबे आली. क्वार्टरांभोवती झोपड्या झाल्या, मग दुकाने. इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात; माझ्यावरूनच वस्तीला फाटकपारा म्हणू लागले. नरहर कामावर असताना रुळावर कुणाची शेळीसुद्धा कापली गेली नाही. साहेब त्याची पाठ थोपटत. तो मला तेल देई.

पुढे नव्या रायपूरकडे रुंद रस्ते निघाले आणि आमची गाडी बंद झाली. कुणी शंकर नगरात गेले, कुणी सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात. मागे उरली तीन घरे. नरहर शेवटचा गेटमन. माझी किल्ली त्याच्याकडेच राहिली. मागायला कुणी आलेच नाही.

तरी रोज दुपारी गाडीच्या वेळेला तो मला लावी, कुलूप घाली आणि हिरवा झेंडा घेऊन उभा राही. गाडी निघून गेली असती एवढा वेळ झाला की उघडी.

शेजारीण मीराबाई म्हणे, "भाऊजी, गाडी बंद झाली ना. कोणासाठी फाटक लावून राहिले?"

"रूळ उचलले का? रूळ आहेत तवर गाडी येऊ शकते."

"हव, तुमच्यासाठीच येईन ते."

वैशाखातल्या एका दुपारी नरहरची बायको गोदू छातीत कळ येऊन पडली. मीराबाईने तिला रिक्षात घातले. गाडीची वेळ होती, मी बंद होतो; रिक्षा माझ्यापाशी अडली. रिक्षावाला भोंगा वाजवत राहिला. नरहरने वळून पाहिले नाही. भोंग्याकडे लक्ष द्यायचे नाही, हेच तो जन्मभर शिकला होता.

"थांबा," तो रुळाकडे बघत म्हणाला, "गाडी जाऊ द्या."

शेवटी मीराबाईने धावत येऊन त्याचा दंड धरला. "भाऊजी, तुमची गोदू हाय आत."

त्याने किल्ली काढली, पण ती कुलपात जाईना.

आता मी सिलतऱ्यात भंगारात पडलो आहे, उद्या वितळेन. मित्रांनो, फाटकाला तेल नाही दिले तरी चालेल. पण एखाद्याचे काम बंद कराल, तेव्हा त्याच्या घरी जा. दोन शब्द बोला आणि किल्ली स्वतःच्या हाताने मागून घ्या.

गोदू माझ्या याच बाजूला, रिक्षातच वारली, गाडी बंद झाली त्याच्या पुढच्या वैशाखात. नरहरही त्याच वर्षी पोळ्याच्या दिवशी वारला.