होडीत जागा नव्हती

१९६२च्या जानेवारीत जयपूरच्या मराठी मंडळातल्या बायका रामगढच्या तलावावर सहलीला गेल्या. बेत विजयमालाचा. तिचे यजमान विम्याच्या कचेरीत होते आणि त्यांच्या नव्या साहेबांची पत्नी मधुमतीबाई त्या दिवशी पहिल्यांदाच मंडळात येणार होत्या.

सहल ठरल्यापासून विजयमालाच्या सासूबाई, अनुसयाबाई, खुशीत होत्या. त्यांचं आयुष्य सांगलीला कृष्णेच्या काठी गेलेलं. मुलाच्या बदलीमागे जयपूरला आल्यापासून त्यांना पाणी दिसलं ते नळाचं.

तलावाच्या काठाला दोन नावा होत्या. एक मोठी, लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकलेली, अंगणासारखी सपाट. दुसरी धरणाच्या कामाची छोटी होडी. कोणती काढू, असं नाववाल्याने विचारलं. मोठीत सगळ्याजणी मावल्या असत्या आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या अनुसयाबाईंनाही सहज पाऊल टाकता आलं असतं. पण सासूबाई मधुमतीबाईंशेजारी बसून घरातलं सगळं सांगत सुटतील, ही विजयमालाला धास्ती. तिने छोटी होडी काढायला सांगितली. बायकांनी पाळीपाळीने जायचं ठरलं. सासूबाईंना तिने सांगितलं, की मोठी नाव बिघडली आहे आणि होडीत त्यांना चढता येणार नाही.

"जा तुम्ही," अनुसयाबाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या पिशव्या घेऊन दगडावर बसल्या.

होडी आत गेली तशी त्यांनी काठावरून हात हलवला. मधुमतीबाईंनी विचारलं, त्या का नाही आल्या?

"त्यांना पाण्याची भीती वाटते," विजयमाला म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. मग मधुमतीबाई बहिणीच्या लग्नाचं सांगत राहिल्या. तिला त्यातलं धड काही ऐकू आलं नाही.

परत आल्यावर नाववाला अनुसयाबाईंना सहज म्हणाला, "माताजी, बड़ी नाव में आ जातीं. खाली ही खड़ी थी."

"अहो, त्यांना पाण्याची भीती वाटते," मधुमतीबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

अनुसयाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "वाटते थोडी."

रात्रीची भांडी आवरताना विजयमालाने कसंबसं सांगितलं, की ती खोटं बोलली.

"मला तिथंच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "पण चारचौघींत तुला उघडं कसं पाडायचं?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी फक्त आपण दोघी जाऊ, मोठ्या नावेत बसू, असं विजयमाला म्हणाली. मग दर रविवारी म्हणत राहिली. अनुसयाबाई कधी गुडघ्यांचं कारण सांगत, कधी थंडीचं. उन्हाळ्यात त्या थोरल्या मुलाकडे सांगलीला निघाल्या. स्टेशनवर विजयमालाला पुन्हा तो विषय काढायचा होता. पण सासूबाई खिडकीतून लोणच्याच्या बरणीला ऊन कसं दाखवायचं ते सांगत होत्या आणि ती मान डोलावत राहिली, गाडी हलेपर्यंत.