पाण्याखालच्या खडकांच्या फायली

मालवण बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस दुपारी एकला बंद होतं आणि चारला उघडतं. शर्मिला तिथली एकटी कारकून. निघताना संगणक नीट बंद करायला ती अकरा वर्षांत कधी विसरली नव्हती. संगणक अठ्ठ्याण्णव सालच्या विंडोजचा, रंग पिवळट पडलेला. होड्यांची नोंद ज्या प्रोग्राममध्ये होती तो दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नव्हता, म्हणून हा अजून टिकून होता.

गणपती होऊन गेले आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. चारला मशीन लावलं की निळा पडदा यायचा. मागच्या वेळी मला नीट बंद केलं नाही, डिस्कवर चुका असू शकतात, आता तपासतो, अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी. मग खाली पिवळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत राहायची आणि शर्मिला हात बांधून बसायची. सकाळी मात्र असं कधी होत नसे.

आधी तिने विजेला बोल लावला. महिना झाला तेव्हा कुडाळच्या गंधारला फोन केला. मशीन दुरुस्तीला तोच यायचा.

"लायटीचो काय संबंध नाय, ताई," तो म्हणाला. "बंद मशीनाक लाइट गेलेली काय कळतली? उठल्याबरोबर ता डिस्कवर एक खूण करता. तुमी नीट बंद केल्यात की झोपच्या आदी ती पुसता. परत उठला की पयली ती खूण बघता. पुसलेली नसली तर समाजता, मागच्या वेळाक कोणीतरी मधीच लाइट तोडल्यान."

"पण एक वाजता मी नीट बंद करतंय रे."

"मगे तुमी गेल्यावर कोणीतरी चालू करता."

फोन ठेवून शर्मिला त्या डब्याकडे बघत राहिली. कुलूपबंद खोलीत कोण आलं, कोण गेलं, त्याला काही ठाऊक नव्हतं. एक खूण पुसायची राहून गेली, एवढंच त्याला दिसलं होतं. आणि तेवढ्यावरून ते महिनाभर तिला सांगत होतं की इथे कोणीतरी येऊन गेलं. 

दुसऱ्या दिवशी जेवण अर्धवट टाकून ती अडीचलाच परतली. कुलूप काढलेलं होतं. आत पंख्याखाली जयराम तांडेल बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पन्नास वर्षं होडी हाकलेला माणूस. कधीकाळी सोसायटीचे संचालक होते, किल्ली तेव्हापासूनची. एका बोटाने ते एकेक अक्षर शोधून दाबत होते.

"तांडेलानू, तुमी हयसर?"

म्हातारा कानापर्यंत ओशाळला. "चार लोकांत बसलंय तर हसतले गो. पेन धरलंय तर हात कापता. ह्या बटणांवर बोट बरोबर पडता."

"काय लिवतास?"

"खडक."

पाण्याखाली दडलेले इथले खडक तांडेलांएवढे कोणाला पाठ नव्हते. अमुक कळस आणि तमुक माड एका रेषेत आले की होडी डावीकडे घ्यायची, असा त्यांचा हिशेब. मुलगा प्रीतम जीपीएस बघून जायचा. पण किनाऱ्यावर हॉटेलं उठत होती, माड तुटत होते, रेषा बुजत चालल्या होत्या. तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की रोज दुपारी एक खडक लिहायचा. भाषा मालवणी, अक्षरं इंग्रजी.

"लिवून झाला की सेव्ह करतास मां?"

"ता काय?"

"मगे बंद कसा करतास?"

"ह्या काय, भिंतीवरला बटण."

 महिनाभराचे खडक, आणि एकही सेव्ह केलेला नाही. म्हातारा समाधानाने पडद्याकडे बघत होता. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? एवढ्यात तिला आठवलं, ती पिवळी पट्टी सरकून झाली की मशीन रोज काहीतरी विचारायचं आणि ती न वाचता एंटर दाबायची. तिने पुन्हा गंधारला फोन लावला.

"सी ड्राइव्ह उघडा," तो म्हणाला. "सीएचके नावाच्यो फायली आसत काय थंय?"

होत्या. सत्तावीस.

गंधारने समजावलं. लिहिता लिहिता मशीन मजकुराचा तुकडा मधूनमधून आपणच डिस्कवर ठेवतं. त्याला नाव मिळायच्या आतच वीज तोडली की तो तुकडा बेवारस होतो. तपासणीत असे तुकडे सापडले की मशीन त्यांना नंबर घालून एका जागी ठेवतं. "तुमी एंटर दाबलात म्हणान रवले," तो म्हणाला.

तिने पहिली फाईल उघडली. चौकोन, आडव्या रेघा, काहीबाही चिन्हं, आणि त्यांच्या मधोमध तांडेलांच्या ओळी. ती मोठ्याने वाचू लागली. "कळस आणि पिंपळ एक झालो की इंजिन मंद करा. पुढे पाणी काळा दिसला तर थंय जाव नका." दुसरी फाईल, तिसरी, चौथी.  ज्या पाच-सात मिनिटांना ती रोज वैतागायची, त्या मिनिटांत समोरचं मशीन एका म्हाताऱ्याचं बोलणं कणाकणाने वेचत होतं, आणि तिला पत्ता नव्हता.

तांडेलांना यात नवल वाटलं नाही. "मी घातलंय तर थंयच रवतला मां," ते म्हणाले.

चार खडक मात्र सापडले नाहीत. ते त्यांनी सांगायचे, शर्मिलाने लिहायचे, असं ठरलं. तीन झाले. चौथ्याला तांडेल अडखळले. त्याच्या रेषेतला माड गेल्या वर्षी कोणीतरी तोडला होता. "हो बसान सांगूचो नाय," ते म्हणाले. "बघूक व्हयो."

शर्मिला धामापूरची, तळ्याकाठी वाढलेली. अकरा वर्षं बंदरावर नोकरी करूनही ती धक्क्यापलीकडे कधी गेली नव्हती. रविवारी सकाळी प्रीतमच्या होडीत ती दोन्ही हातांनी काठ धरून बसली. तांडेल उभे होते, नजर मागे किनाऱ्यावर. एकदा त्यांनी हात डावीकडे केला, एकदा थोडा उजवीकडे. मग मूठ मिटली आणि प्रीतमने इंजिन बंद केलं.

"आता खाली बघ गो."

वर पाण्याला सुरकुती नव्हती. खाली हातभर अंतरावर घराएवढी काळी पाठ पसरली होती, तिच्यावर शेवाळ हलत होतं आणि माशांचा एक थवा तिला वळसा घालून चालला होता. शर्मिला किती वेळ वाकून बघत होती, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिने वही काढली.

"नाव काय ह्येचा?"

"नाव नाय. आमी नुसतो थोरलो म्हणतंव."

तिने तेच लिहिलं.