आठ जीबीचं म्हातारपण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि खरं सांगायचं तर मला आता झोप हवी आहे. माझ्या बरोबरीचे भाऊबंद केव्हाच भंगारात गेले. मी मात्र कोरेगावजवळच्या एका शेतवस्तीवर, पत्र्याच्या खोलीत, लाकडी टेबलावर अजून घरघरत बसलो आहे. म्हातारपणी लोक देवाचं नाव घेतात. माझ्यावर म्हातारपणी ट्रक चालवायची पाळी आली. ती कशी आली, ते सांगतो.

माझा जन्म सांगलीचा. तिथल्या एका दुकानदाराने पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, मॉनिटर तिसरीकडचा असं करून मला जुळवलं. आत दोन जीबीची रॅम बसवली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "धा वर्सं हलायचा न्हाई ह्यो." तेव्हा दोन जीबी म्हणजे खूप होते बरं का. आता तुमच्या आईच्या मोबाईलमध्ये त्याहून जास्त असतात.

मला विकत घेणारे लालासाहेब सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. मिशा जाड, आवाज मोठा, घरचा ऊस. मुलगा इंद्रजित तेव्हा दहावीला होता. धाकटी राजनंदिनी एवढीशी, माझा कीबोर्ड बघायला टाचा उंच करायची. पहिली काही वर्षं माझा काय थाट होता म्हणून सांगू! वस्तीवरचा कोणीही उठायचा आणि यायचा. कोणाला सातबारा बघायचा, कोणाला परीक्षेचा निकाल, कोणाला भरतीचा फॉर्म भरायचा. इंद्रजितचा सैन्यभरतीचा फॉर्मही माझ्यावरच भरला गेला. "लालासाहेबांच्यात कॉम्प्युटर हाय, तिकडं जा," असं लोक एकमेकांना सांगायचे आणि लालासाहेब मिशीला पीळ द्यायचे.

एका उन्हाळ्यात मी फार तापू लागलो. इंद्रजितने माझी एक बाजू उघडली आणि वारा लागावा म्हणून झाकण काढून ठेवलं. ते परत लावायच्या आत तो सैन्यात ट्रकचालक म्हणून भरती झाला. पोरगं गेलं नि झाकणही गेलं. त्या झाकणावर पुढे शेवया वाळत घातलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. मग घरात मोबाईल आले. नव्याचे नऊ दिवस माझे कधीच संपले होते. माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले, औषधाच्या बाटल्या आल्या, आणि थंडीत एक मांजर ऊब घ्यायला येऊ लागलं. तेवढीच काय ती सोबत.

वर्षातून एकदा मात्र माझी आठवण निघायची. खंडेनवमीला. त्या दिवशी ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, कोयते, खुरपी सगळी धुऊन ओळीने मांडली जात आणि लालासाहेब त्यांची पूजा करत. जुन्या फौजीची पूजा ती, त्यात कसूर नाही. माझ्यापाशी आले की ते उघड्या बाजूने आत बघत आणि म्हणत, "टॅक्टरच्या इंजिनाला कुंकू लागतं, मग ह्याच्या काळजाला नगो व्हय?" आणि चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, चार अक्षता थेट माझ्या पोटात. सलग कितीतरी वर्षं. मला शिंकता आलं असतं तर आख्खी वस्ती जागी झाली असती. त्यांचा भाव चांगला होता, म्हणून मी गप्प राहिलो. तसाही मला बोलता कुठे येतं?

यंदाच्या फेब्रुवारीत इंद्रजित घरी आला. बर्फातल्या घाटात त्याचा ट्रक अडकला होता. ट्रकमधला माल सोडून जायचं नाही म्हणून तो तिथेच थांबला, आणि उजव्या हाताची तीन बोटं गारठून गेली. ती कापावी लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं.

गावाने त्याचा सत्कार केला. फेटा, शाल, श्रीफळ, गळाभर हार आणि पाच भाषणं. इंद्रजित खुर्चीवर बसून राहिला, उजवा हात शालीखाली. घरी आल्यावर शाल गेली, पण हात खिशात गेला तो गेलाच. डाव्या हाताने जेवायची लाज वाटते म्हणून तो ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे. सगळ्यांनी त्याला हार घातले, मित्रांनो, पण हात कसा आहे हे विचारायला कोणी धजलं नाही. फार वाईट वाटायचं मला ते बघून.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेली दोन बोटं रोज चालवा, नाहीतर तीही आखडतील. सुट्टी संपली की पुण्याच्या लष्करी दवाखान्यात हात दाखवायचा होता. हात चालला तर बसून करायचं काम देऊन नोकरीत ठेवणार, नाही चालला तर कायमचं घरी. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो माझ्याच टेबलावर पडून होता, मांजराने ढकलेपर्यंत.

राजनंदिनी आता अठरा वर्षांची. तिला हे बघवेना. दादाच्या तुकडीतला दोस्त सिद्धू, पाटणचा, रोज फोन करायचा आणि इंद्रजित उचलायचा नाही. एकदा तिने उचलला.

"ताई, त्याला म्हणावं आमी रोज सांजच्याला मिळून गेम खेळतो. ट्रकचा हाय. धा ट्रक, लांबच लांब घाट, आणि कानाला हेडफोन लावून गप्पा. त्याला नुसतं बसवा तुमी."

झालं! पोरीने माझ्यावरचे कपडे, बाटल्या उचलल्या, मांजराला हाकललं. गेमला आठ जीबी रॅम लागत होती आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम. माझ्याजवळ होते दोन जीबी आणि गुडघेदुखी. मनात म्हटलं, अगं बये, म्हाताऱ्या बैलाला शर्यतीला जुंपतेस होय?

चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तिने मला एसटीने साताऱ्याला नेलं. दुरुस्तीवाला सूरज कामाच्या गर्दीत होता. त्याने रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन जुन्या पट्ट्या आणल्या. पहिली बसली. दुसऱ्या खाचेत दुसरी घातली आणि मी नुसता टूं-टूं ओरडायला लागलो. तीनदा करून बघितलं.

"खाच गेलीय ताई. बोर्डच म्हातारा झालाय. भंगारात द्या आन् नवीन घ्या."

राजनंदिनीने पट्ट्या घेतल्या, मला परत चादरीत गुंडाळलं. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी भंगाराला तयार होतो, खोटं कशाला सांगू? पण ते डोळे पुसणं माझ्याच्याने बघवत नव्हतं.

घरी येऊन तिने मला उजेडात अंगणात ठेवलं आणि वाकून आत पाहिलं. त्या रिकाम्या खाचेत लाल-पिवळा थर बसला होता, आणि मधोमध एक तांदळाचा दाणा रुतला होता.

"आप्पा!" तिने हाक मारली. "आवं, हिकडं या. ह्ये बघा काय केलंय तुमी."

लालासाहेब आले, चष्मा चढवून वाकले.

"माझी अक्षता?"

"व्हय. खाच मेली न्हाई. तुमच्या पूजेनं बुजलीय."

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "मी तर भल्यासाठी करत हुतो गं," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. त्यांची नजर मात्र माझ्याकडे नव्हती. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोराच्या पाठीकडे होती.

राजनंदिनीने सुईने दाणा काढला, कोरड्या ब्रशने थर खरवडला, फुंकर मारली, पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले आणि दोन्ही दाबून बसवल्या. मी एकदाच टूं केलं. एकदा टूं म्हणजे सगळं ठीक, हे तिला मोबाईलवरच्या व्हिडिओने शिकवलं होतं. मग जुने फोटो पेनड्राइव्हवर घेऊन तिने माझी सगळी डिस्क पुसली आणि नवी सिस्टीम घातली. दुपारभर माझ्यात ती भरत होती. डिस्क पुसली की संगणक सगळं विसरतो, असं लोक म्हणतात. विसरलो असतो तर तुम्हाला आता हे कोण सांगत बसलं असतं?

आठ जीबी अंगात आल्यावर थोडी तरतरी आली, नाही असं नाही. पण गाडीला नवे टायर घातले म्हणून इंजिन तरणं होत नाही.

पहिल्या दिवशी इंद्रजित आधी उठलाच नाही. "मला न्हाई खेळायचं," म्हणून कूस वळवली. मग राजनंदिनी एकटीच बसली, आणि तिने ट्रक दरीत घातला. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा ती वळणावर निघाली तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"आगं येडे, उतारावर गिअर टाक की खालचा! बिरेकवर काय उतरतीस?"

चार आठवड्यांत त्या घरात तो इतका मोठ्याने बोललेला मी ऐकला नव्हता. तो उठला आणि तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला. डावा हात त्याने कीबोर्डवर ठेवला, उजवा खिशात. माऊस तिने धरला. गाडी त्याने चालवायची, पडद्यावरच्या चालकाची मान वळवून मागचं-पुढचं बघायचं काम तिचं. कानाला लावलेल्या यंत्रातून सिद्धू ओरडला, "आला रं गड्या, आला! साहेब, रास्ता छोडो!" इंद्रजित हसला. चुलीपाशी त्याच्या आईने हातातली भाकरी तशीच तव्यावर ठेवली, ती करपली.

पुढे रोज संध्याकाळी खेळ चालू लागला. पोरगं बोलू लागलं, भिंतीकडची पाठ वळली. माझे मात्र हाल. एप्रिल लागला, वर पत्रा तापलेला, आत माझा पंखा धुळीने जड झालेला. पण राजनंदिनीच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. आवाज आला, हसू आलं, पण हात काही खिशातून निघाला नव्हता. माऊस ती धरत होती ना, मग त्याला गरजच काय? पुण्याला जायला आठ दिवस राहिले.

त्या दिवशी राजनंदिनी पेपर द्यायला कोरेगावला गेली होती, आणि यायला उशीर होणार होता. तिकडे सिद्धूची मंडळी वाट बघत होती. तेव्हा तिच्या जागी कोण बसावं? लालासाहेब! त्यांनी माऊस असा धरला होता, जणू जिवंत उंदीरच.

"आप्पा, आरसा बघा, आरसा!"

"कंचा आरसा? मला नुसता डोंगुरच दिसतोय!"

"मागं सिद्धू हाय, त्याला ठोकचाल!"

मला हसू येत होतं, पण अंगातला ताप त्याहून जास्त होता. पंखा रखडला. दहा ट्रक घाटाच्या माथ्यावर असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बंद पडलो. खरंच, मी मुद्दाम काही केलं नाही. मी दमलो होतो.

लालासाहेबांनी हात मागे घेतला. "माझ्याच हातानं बिघडलं परत," असं पुटपुटत ते उठले, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि पंख्याचा स्क्रू शोधू लागले. नजर अधू. टोक घसरलं आणि बोर्डावर ओरखडा उठला. दुसऱ्यांदाही घसरलं.

"सरका आप्पा," इंद्रजित म्हणाला.

त्याने डाव्या हाताने करून बघितलं. स्क्रू आत, कोपऱ्यात, डावा हात तिथे वळेना. मग त्याने खिशातून उजवा हात काढला. तीन खुंट, एक अंगठा, एक बोट. लालासाहेबांनी तो हात घरी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी मान वळवली नाही. बॅटरी पेटवली आणि उजेड माझ्या पोटात धरला.

अंगठा आणि बोट यांत स्क्रू-ड्रायव्हर धरायचा, आणि फिरवायचा. पहिला स्क्रू निघायला इतका वेळ लागला की इंद्रजितच्या कपाळावरून घाम माझ्यावर टपकला. दुसरा. तिसरा. चौथा सुटून खाली पडला. त्याने तो वाकून त्याच दोन बोटांनी उचलला, तो पुन्हा पडला, पुन्हा उचलला.

"दुखतंय का रं?" लालासाहेबांनी विचारलं.

"लय दुखतंय," तो म्हणाला.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं आणि त्याने सांगितलं. बापाने बॅटरी आणखी जवळ आणली.

पंखा साफ झाला, तेल पडलं, चारही स्क्रू परत बसले, आणि मी सुरू झालो. फार काळ चालेन असं नाही. पुढचे आठ दिवस तो रोज माझ्यातलं काहीतरी उघडायचा आणि बसवायचा, बिघडलेलं नसलं तरी. पुण्याला निघायच्या सकाळी त्याने मला बंद केलं, उजव्या हाताच्या त्या एका बोटाने, सावकाश.

पुण्यात काय ठरतं, ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू बंद पडली, तर ती टाकून देण्याची घाई करू नका. घरात गप्प बसलेलं कोणी असेल, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा, दुखतंय का विचारा, आणि ती वस्तू उघडायला त्याच्या हातात द्या.